तेरा क्विंटलांचा फोटो

आमच्या भंडारा जिल्ह्यात लग्नाचा खर्च रुपयांत सांगू नये, क्विंटलांत सांगावा. लवकर कळतो. साध्या धानाचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलाला २३६९ रुपये. समजा लग्नाआधीच्या फोटोशूटला तीस हजार लागले, तर जवळपास तेरा क्विंटल धान झालं. नवरदेव मागून आणलेला काळा चष्मा लावून गोसीखुर्दच्या पाण्याकडे बघतो, डोक्यावर ड्रोन घोंघावतो आणि कॅमेरावाला ओरडतो, ‘भाऊ, जरा हासा ना!’ १९८८ साली या धरणाची पायाभरणी झाली. पुढे त्याच्या पाण्याखाली गावं गेली, बांध्या गेल्या. फोटोत तेवढं येत नाही. पाणी मात्र निळंशार येतं.

भंडाऱ्याचं पितळ एके काळी नावाजलेलं. पोरीच्या आंदणात पितळी गुंड यायचा, लख्ख घासलेला. तोही थाटच होता, नाही कुठं म्हणतो? पण घर अडलं की गुंड मोडीत घालता यायचा, चार पैसे हाती पडायचे. आताच्या लग्नातला डीजे मोडीत कसा घालणार? तो दोन तास वाजतो, कानांत दडे बसवतो आणि रोख मोजून घेऊन जातो. ‘पितळ उघडं पडलं’ असं भंडाऱ्यात तरी कुणी म्हणू नये. इथलं पितळ खरं होतं; उघडा पडतोय तो वरचा सोनेरी मुलामा.

धानाचा चुकारा अजून खात्यात आलेला नाही. सोसायटीच्या पीककर्जाची मुदत ३१ मार्च. लग्नाचा अल्बम एप्रिलात मिळणार आहे.