नदीचं मूळ, नाल्याचं कूळ

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये, असं वाडवडील सांगून गेले. कूळ विचारावं असे ऋषी आता राहिले नाहीत. नदीबद्दलचा उपदेश मात्र सरकारी कचेऱ्यांनी जेवढा मनावर घेतला, तेवढा कुणीच घेतला नसेल.

तसं इंद्रायणीचं मूळ काही गुपित नाही. लोणावळ्याजवळ कुरवंड्याला ती उगम पावते, देहूवरून आळंदीला येते. मूळ सापडत नाही ते आळंदीत तिच्यावर तरंगणाऱ्या पांढऱ्याशुभ्र फेसाचं.

परवा घाटावर एक तरुण पाण्याचा नमुना घ्यायला आला. आम्ही मदत म्हणून आमची रिकामी बाटली पुढे केली. "काका, असं नाही चालत," म्हणत त्यानं बर्फाच्या खोक्यातून तीन बाटल्या काढल्या. एक जंतूंसाठी, निर्जंतुक केलेली. एक काचेची, बीओडीसाठी. तिसरी प्लास्टिकची, धातूंसाठी. तिच्यात नायट्रिक ॲसिडचे थेंब. ते नसले की शिसं बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतं आणि मोजणीला येतच नाही. आमच्या ओळखीच्या काही फायलींचंही असंच होतं.

"म्हणजे रिपोर्टात शिसं, क्रोमियम येईल?"

"नाही काका. साहेबांनी बीओडीच मागितलाय. ही बाटली मी सवयीनं भरली."

बीओडी म्हणजे पाण्यातली घाण फस्त करायला जंतूंना किती ऑक्सिजन लागतो, त्याचा हिशेब. 27 अंशांवर, 3 दिवस, अंधारात ठेवून तो काढतात. अंघोळीच्या पाण्यात तो लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या आत हवा. आता यातली मेख बघा. पाण्यात क्रोमियम, तांबं इतकं झालं की जंतूच मेले, तर ऑक्सिजन खायला उरलं कोण? बीओडी आपोआप खाली! म्हणजे नदी मन लावून विषारी केली, की कागदावर ती सुधारायला लागते. एवढी स्वस्त नदीसुधार योजना दुसरी नसेल.

त्यातून नमुना घ्यायची वेळ सकाळी अकराची. नाल्यांची असते रात्रपाळी. नमुना वरच्या पाण्याचा. धातू बसलेले तळाच्या गाळात.

"नाल्याचं मूळ शोधायला काय लागतं रे?" आम्ही विचारलं.

"दोन बाटल्या. नाला मिळतो त्याच्या वर एक भरायची, खाली एक. फरक आला की नाला धरून चालत जायचं."

"मग जात का नाही?"

तो हसला, खोक्याचं झाकण लावलं आणि म्हणाला, "काका, मला अजून कायम केलेलं नाही."

रिपोर्ट यथावकाश येईल. तोवर ते पाणी तुळापूरला भीमेत मिसळलेलं असेल. भीमेवर पुढे उजनी, आणि त्याच्याही पुढे पंढरपूर. थोडं शिसं उजनीच्या गाळात मुक्कामाला राहील, उरलेलं चंद्रभागेत पोचेल. आळंदीहून पालखी वर्षातून एकदा निघते. या दिंडीला ज्येष्ठाची वाट बघावी लागत नाही, तिचं प्रस्थान रोज रात्री. नाव नाही, नंबर नाही, आणि मूळ विचारणारंही कुणी नाही.