राउटरमागचा पेनड्राइव्ह

राउटर घरात येतो, त्याचा हिरवा दिवा लागतो आणि तो टीव्हीमागच्या धुळीत कायमचा जातो. त्याच्या पाठीला बऱ्याचदा यूएसबीचं एक भोक असतं, हे नेट बसवणाराही सांगत नाही. माझं म्हणणं असं की, त्या भोकात पेनड्राइव्ह खोचणं हा घरबसल्या करता येणारा सर्वांत स्वस्त शहाणपणा आहे. मात्र त्यावर सगळ्यांनी पाहायचं ते ठेवावं, जपायचं ते नव्हे. असा पेनड्राइव्ह घरातल्या सगळ्या फोन-टीव्हींना वायफायवरूनच उघडता येतो; एरवी आईच्या फोनमधला बारशाचा व्हिडिओ टीव्हीवर न्यायचा तर आपण तो आधी क्लाउडवर चढवतो आणि मग उतरवतो. हे म्हणजे हॉलमधून स्वयंपाकघरात जायला ठाण्यातल्या खोपटच्या आगारातून लांब पल्ल्याची एसटी पकडणं झालं. शिवाय गूगल फुकटात १५ जीबीच देतं आणि त्यातच जीमेल, ड्राइव्ह, फोटो या तिघांनी भागवायचं.

‘पण ते फार हळू चालतं हो!’ हा पहिला आक्षेप, आणि तो खरा आहे. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. राउटरचा चिमुकला प्रोसेसर त्यातला बराचसा वाटेतच गिळतो. समजा हाती सेकंदाला १० मेगाबाइटच आले, तर ८ जीबीचा सिनेमा चढवायला तेरा-चौदा मिनिटं जातील. पण तोच दोन तासांचा सिनेमा पाहताना सेकंदाला जेमतेम सव्वा मेगाबाइट पुरतो. वेगाच्या हावेने यूएसबी ३.० लावावा, तर त्याचा विद्युत-गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायलाच त्रास देऊ शकतो. खरी अडचण वेगळीच आहे. फॅट३२ ने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, मग तो ६४ जीबीचा का असेना. ही मर्यादा नसलेलं एनटीएफएस चालतं का, हे राउटरच्या माहितीपत्रकात पाहावं. ते खोक्यासकट रद्दीत गेलं नसेल तर.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तिथे मी हात टेकतो, पण एकच. जुने राउटर फाइली वाटायला एसएमबीची पहिली आवृत्ती वापरतात. विंडोजमध्ये त्याच आवृत्तीत सापडलेल्या छिद्रातून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. जूनमध्ये तेच छिद्र वापरणाऱ्या नॉटपेट्याच्या हल्ल्यात आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडलं. तेव्हा नवी आवृत्ती असेल तरच, तीही पासवर्ड लावून वापरावी आणि बाहेरच्या इंटरनेटवरून ड्राइव्ह उघडण्याची सोय बंद ठेवावी.

तिसरा आक्षेप वीज स्वतःच घेते. लिहिणं चालू असताना ती गेली, तर फॅट३२ ची नोंद अर्धवट राहून फाइल गायब होऊ शकते. पेनड्राइव्हवर पुन्हापुन्हा लिहिण्यालाही मर्यादा असते, म्हणून सीसीटीव्हीचं चोवीस तासांचं रेकॉर्डिंग त्याच्या गळ्यात बांधू नये. घराच्या करारनाम्याची एकुलती प्रत तर मुळीच ठेवू नये. जे हरपलं तर दुःख संध्याकाळच्या चहापर्यंतच टिकेल, ते खुशाल ठेवावं. या कसोटीला फोनमधली निम्मी मालमत्ता बिनविरोध उतरते; ‘शुभ सकाळ’च्या गुलाबांसाठी तर चहा उकळेपर्यंतही कोणी रडणार नाही.