कढईच्या कानाला वीतभर गोधडी

अगं ए सूनबाई, कवाची बघायले, मान वर नाही तुझी. काय शिवायलीस एवढं? कढई धरायला? आण बघू. भिंतीवरनं दे, पडत नाही.

सुरेख आहे हं. गुलाबी सॅटिन, वर बदक. आत काय भरलंस? जुन्या उशीतलं फायबर? मग हे शोकेसमध्ये ठेव बाई, गॅसजवळ नेऊ नको. हसू नको, खरं सांगायले. कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाईंच्या सुनेला असलंच रुखवतात आलं होतं. भाकरीचा तवा उतरवायला गेली, तर फडकं तव्याला चिकटलं. सासू म्हणती, तवा माझ्या आईचा. सून म्हणती, फडकं माझ्या आईचं. आता दोघींत बोलणं बंद, आन मास्तर मधल्या मधी हॉटेलातनं पोळ्या आणायलेत. रुखवतातलं बघण्यासाठी असतं गं, ते वापरायचं म्हणून कोण शिवतंय?

माझा नातू इचलकरंजीला कापडाचंच शिकतो ना, तो सांगत होता. पॉलिस्टर २५०-२६० अंशांवर वितळतं. रिकामा तवा मोठ्या आचेवर सहज तेवढा तापतो. सुती कापड वितळत नाही, करपतं. पेट घ्यायला ४०० अंशांच्या आसपास जावं लागतं. करपलं की आधी वास सुटतो, तेवढ्यात माणूस हात काढून घेतं. वितळलेलं मात्र कातडीला चिकटून बसतं.

कसं ओळखायचं? दुकानदाराला विचारू नको, त्याच्याकडं सगळं प्युअर कॉटनच असतं. कापडाचा एक दोरा काढ, चिमट्यात धर, मोरीत उभी राहून जाळ. कागद जळल्यासारखा वास आला आन राख बोटानं चोळून उडाली, तर सुती. टोकाला काळा टणक मणी झाला, तर पॉलिस्टर. टेरीकॉटमध्ये दोन्ही असतं, राखेत खडे लागतात. तेही नको.

काय म्हणलीस? माहेरचा कापूस भरते? तसं जालन्यात कापसाला काय तोटा! बियाणं इथलं, जिनिंग इथलं. बारवाले शेठजींनी १९६४ साली इथंच महिको ही बियाण्याची कंपनी काढली, १९९८ ला त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आन तू उशी फाडायलीस! पण घरचा कापूस म्हणजे सरकीसकट. क्विंटलभर कापसातनं रुई निघती ३४-३५ किलो, बाकी बहुतेक सरकीच. ती हातानं काढत बसशील, एखादी राहिली तर सुई मोडशील. वर पिंजायला न्यायचं. पूर्वी पिंजारी दारात यायचा, धनुकलीचा आवाज गल्लीभर; आता मशीनवर पिंजून मिळतो.

एवढं करूनही कढईला तो कापूस कामाचा नाही, हे मी पैज लावून सांगते. उष्णता अडवती ती कापसात अडकलेली हवा. लेपात कापूस फुगून राहतो, कारण त्यावर कुणी अंगठा दाबत नाही. कढईचा कान धरताना आपण दाबतोच. हवा निघून गेली की कापसाचा पापड होतो आन चटका सरळ बोटाला. दोन धुण्यांत त्याचे गोळे होतात ते वेगळंच. भरायचाच हट्ट असेल तर दोन-दोन बोटांवर धावदोरा घाल, म्हणजे जागचा हलायचा नाही.

त्यापेक्षा आपल्या गोधडीचं बघ. आत भरण काहीच नाही, लुगड्यावर लुगडं. पातळ सुती साडीचे आठ-दहा पदर घे, वीतभर चौकोन कर. जुनं कापड धुऊन धुऊन आधीच आटलेलं असतं, पुन्हा आकसत नाही. नवा मांजरपाट घेतलास तर आधी भिजव, खळ जाऊ दे, वाळव, मग काप. नाहीतर पहिल्याच धुण्यात वरचं आटतं, आतलं राहतं, आन चौकोनाची वाटी होती. फार जाडही करू नको. बोटं मिटली नाहीत तर वरणाचं पातेलं निसटतं, त्यापेक्षा चटका परवडला.

माझं विचारशील तर मधे घोंगडीचा एक तुकडा. लोकर दाबली तरी पुरती बसत नाही, वितळत नाही, आन जाळातनं बाहेर काढली की आपोआप विझती. टोचती, म्हणून दोन्ही बाजूंनी सुती घाल. गरम पाण्यात मात्र धुवायचं नाही, गोळा होईल. माझ्याकडं आहे एक, कसरीनं खाल्लेली. चांगला भाग काढून देते.

ते इस्त्रीच्या टेबलावरचं चंदेरी कापड? नुसतं त्याच्यावर विसंबू नको. तव्याला टेकलं की त्याची चमक काय कामाची? मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नको, ठिणग्या उडतील.

आन दोराही सुतीच हं. सगळं कापड सुती आन शिवण नायलॉनची, असं लई जणी करतात. आधी टाकेच सुटतात. गोट तिरक्या कापडाचा लाव, कोपऱ्यावर चुरगळत नाही. ओलं असताना कधी धरू नको; ओल्या कापडातनं उष्णता पटकन येती, वर वाफेचा चटका. म्हणून दोन शिव, एक वाळत असलं की दुसरं हाताशी.

वरच्या थराला जीन? चालेल की, पण ओढून बघ. ताणली तर लायक्रा आहे, ठेवून दे. तुझ्या नवऱ्याच्या घट्ट विजारी सगळ्या तसल्याच. त्यापेक्षा सासऱ्यांचं जुनं धोतर माग. विचारून घे बरं का. मागं त्यांच्या धोतराचं पोतेरं केलंस, तर चार दिवस माझ्या अंगणात येऊन तुझी गाऱ्हाणी सांगत होते.