ऐकव की, वाचतंय कोण!

कोल्हापुरात शाहूपुरीत स्टेशनजवळच्या एखाद्या लॉजवर मुंबई-पुण्याकडचा निर्माता उतरला की त्याला दोनच गोष्टी लागतात. एक तांबडा-पांढरा आणि दुसरी स्टोरी. पहिलीचं बिल तो काउंटरवर चुकतं करतो, वाढप्यालाही वर काहीतरी देतो. दुसरीसाठी तो नुसतं 'ऐकव की!' म्हणतो. समोरच्या होतकरू पटकथाकाराच्या पिशवीत एकशेदहा पानांची बाउंड स्क्रिप्ट असते. झेरॉक्सवाल्याने तिचे पानामागे पैसे घेतलेले असतात, स्पायरलचे वेगळे. पोरगं ती पिशवीतून अर्धी बाहेर काढतं तोच साहेब हात आडवा करतात. "कागद राहू दे रे. वाचतंय कोण? तोंडानं सांग. पंधरा मिनिटांत. नाहीतर वन-लाईनच सांग." स्क्रिप्ट परत पिशवीत जाते आणि पोरगं बोलायला लागतं.

यावर नेहमीची टीका अशी की निर्माते आळशी आहेत, त्यांना वाचनाची आवड नाही. हा त्या जमातीवर धडधडीत अन्याय आहे. निर्माता वाचतो, आणि बारकाईने वाचतो. अनुदानाचा अर्ज तो वाचतो, सॅटेलाइट हक्कांच्या करारातलं कलम न कलम वाचतो, जनरेटर व्हॅनच्या बिलात डिझेल किती लावलंय तेही वाचतो. लॉजच्या बिलात पाण्याची बाटली जादा लागली असेल तर ती त्याला चष्म्याशिवाय दिसते. जगातले सगळे कागद वाचणारा माणूस एकाच प्रकारच्या कागदाला हात लावत नसेल, तर त्याला आळशी म्हणणं भाबडेपणाचं आहे. त्याने कायदा वाचलेला असतो, किंवा वाचलेला कुणीतरी त्याच्या पदरी असतो.

कारण कायदा असा आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा कल्पनेचं रक्षण करत नाही, कल्पनेच्या मांडणीचं करतो. ती मांडणी आपली आहे हे कोर्टात दाखवायचं तर ती कुठेतरी उतरलेली असावी लागते. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर तेही लेखी आणि सहीनिशी, असं याच कायद्याचं एकोणिसावं कलम सांगतं. थोडक्यात, कायद्याच्या राज्यात लेखकाचं जे काही आहे ते कागदावर आहे आणि धंद्याच्या राज्यात कागद सोडून काहीही चालतं. दोन्ही नियम शेजारी ठेवून पाहा. कायदा जिथून लेखकाच्या पाठीशी उभा राहतो, नेमका त्याच्या एक पाऊल अलीकडे 'ऐकव की' उभा असतो. लॉजच्या खोलीत उरते ती फक्त कल्पना, आणि कल्पनेला मालक नाही. इतकी चोख सोय योगायोगाने झाली असं ज्याला वाटत असेल त्याने जरूर वाटून घ्यावं.

आणि हे काही आजचं नाही. दिल्लीतल्या एका नाटककाराने १९५३ साली प्रांतवादावर नाटक लिहिलं: पंजाबी कुटुंब, मद्रासी कुटुंब, मधे प्रेम. प्रयोग बरे झाले, सिनेमावाल्यांकडून विचारणा झाली, त्याने नाटक ऐकवलं. ऐकणाऱ्यांचं मत पडलं की हौशी रंगभूमीला हे ठीक, पूर्ण लांबीच्या व्यावसायिक सिनेमाला पुरायचं नाही. पुढे १९५६ मध्ये त्याच मंडळींचा सिनेमा आला, विषय प्रांतवाद. नाटककार कोर्टात गेला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७८ साली लागला आणि तो हरला. न्यायालयाचं तर्कशास्त्र खणखणीत होतं: विषय, कल्पना, कथाबीज यांवर कुणाची मालकी नसते, आणि सिनेमात नाटकाहून वेगळं पुष्कळ होतं. कायदा म्हणून हा निकाल योग्यच आहे. उद्या प्रांतवादावर एकाच माणसाने लिहायचं, पुरावर दुसऱ्याने, असं ठरलं तर साहित्याचा सातबारा काढावा लागेल. पण या प्रकरणात त्याने ऐकवलं होतं यावर वाद नव्हता, हे ध्यानात घ्या. ऐकल्याचं कबूल होतं, आणि तरीही त्या ऐकण्याला कसली किंमत लागत नव्हती. 'पुरायचं नाही' हे वाक्य तेव्हापासून धंद्यात जे रुळलंय ते आजही शाहूपुरीतल्या लॉजमध्ये त्याच चालीत ऐकू येतं. हल्ली त्याच्यापुढे 'भावा' लागतं एवढाच फरक.

आता ज्या पेठेत हे चालतं ती पेठ बघा. शाहूपुरी १८९५ च्या सुमारास वसली ती गुळाच्या व्यापारासाठी. गुळाचा सौदाही चवीवरच होतो. व्यापारी रव्याचा कोपरा फोडतो, जिभेवर ठेवतो, रंग बघतो, कण बघतो आणि मग बोली लावतो. फुकटची चव इथेही आहेच, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण चव घेतल्यावर पुढे वजन होतं. हमालाला हमाली मिळते, तोलाराला तोलाई मिळते, अडत्याला अडत मिळते आणि पट्टी शेतकऱ्याच्या हातात पडते. पट्टी कमी आली म्हणून शेतकरी शिव्या घालील, पण पट्टीच नाही असं होत नाही. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची हत्ता पद्धतही शेवटी कायद्याने मोडली आणि उघड लिलाव आले. आणि याच पेठेत एक माल असा आहे की ज्याचा अख्खा रवा लोक चाखत बसतात, बोटं चाटतात, 'जरा गोड जास्त झालंय' म्हणतात, हात पुसतात आणि महालक्ष्मी एक्सप्रेस गाठतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: कल्पना काय, टपरीवर पैशाला पासरी मिळतात, खरी मेहनत सिनेमा करण्यात आहे. मान्य. अगदी कोर्टासकट मान्य. मग मुंबईहून रात्रभर प्रवास करून ऐकायला कशाला येता? पैशाला पासरी मिळणारी वस्तू तुमच्या गल्लीतल्या टपरीवर नसते का? ज्या वस्तूला किंमत नाही तिच्यासाठी लॉज, गाडी, जेवण आणि सोबत तिघंजण, हा व्यवहार कुठल्या वाण्याने केला असता? दुसरा आक्षेप वेळेचा: रोज लोक येतात, सगळ्यांचं वाचत कोण बसणार? इथे पाढे म्हणायला हवेत. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, हा धंद्यातलाच हिशेब. म्हणजे एकशेदहा पानांचा सिनेमा जेमतेम दोन तासांचा. वाचायला त्याहून जास्त वेळ लागत नाही, उलट कमीच लागतो, कारण वाचताना मधे गाणी थांबून ऐकावी लागत नाहीत. आणि 'पंधरा मिनिटांत सांग'वाली बैठक प्रत्यक्षात दोन वडापाव, चार चहा आणि सात फोन मिळून तीन तासांखाली उठल्याचं कुणी दाखवून द्यावं. वेळ वाचवायचा असता तर माणसाने वाचलंच असतं.

तिसरा आक्षेप जरा संस्कृतीच्या अंगाने येतो आणि म्हणून जास्त चीड आणतो. आपली परंपरा मौखिक आहे म्हणे. शाहीर, कीर्तनकार, गोंधळी, सगळे ऐकवतच आले; मग पटकथाकाराला ऐकवायची लाज कसली? लाज कुणालाच नाही. पण शाहिराने पोवाडा म्हटला की बिदागी मिळते, कीर्तनकाराच्या आरतीचं ताट फिरतं आणि वासुदेवाचं गाणं संपायच्या आत त्याच्या झोळीत पसाभर धान्य पडतं. मौखिक परंपरेत ऐकणारा देतो, आणि ऐकलेलं आपलं म्हणून शेजारच्या गावात जाऊन सांगत नाही. परंपरेतला ऐकवण्याचा भाग उचलायचा आणि ताटाचा भाग तेवढा विसरायचा, याला वारसा म्हणत नाहीत. त्यातून हे गाव मूकपटांचं. १९२० साली इथे 'सैरंध्री' तयार झाला तो एक शब्द न बोलता, आणि त्यातल्या कीचकवधाने सेन्सॉरलाही घाम फुटला. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' बोलला तोही इथेच. ज्या गावात पडदा आधी मुका राहून मोठा झाला, त्या गावात आता पडद्याआधी लेखकाला घसा फोडावा लागतो. १९२५ चा 'सावकारी पाश'ही इथलाच: कर्जापायी सावकाराकडे जमीन घालवून शहराची वाट धरणारा शेतकरी. सावकार या माणसाबद्दल आजवर कुणी चांगलं बोललेलं नाही, पण एक मानायला हवं, तो कागद करायचा. अंगठा उठवून घ्यायचा. आपण कशात अडकलोय ते शेतकऱ्याला निदान दाखवता तरी यायचं.

आणि ऐकणारे किती असावेत यालाही काही धरबंध नाही. निर्माता एकटा कधीच ऐकत नाही. सोबत एक भाचा असतो, त्याला 'क्रिएटिव्ह' म्हणतात. एक कुणीतरी फायनान्सवाले असतात, ते गोष्ट सुरू असताना मोबाइलवर जमिनीचे भाव बोलतात आणि बरोबर इंटरव्हल पॉइंटला मान वर करून 'हिरोईन कोण?' विचारतात. एक जण 'बघ्या' म्हणून आलेला असतो, तोच सगळ्यात लक्ष देऊन ऐकतो, त्याच्यापासून सांभाळावं. शेवटी ड्रायव्हरला वर बोलावतात, कारण तो म्हणजे पब्लिक. त्याच्यासाठी पहिल्यापासून पुन्हा. मग सूचना सुरू होतात. नायक कोल्हापूरचाच हवा, पण शूटिंग लंडनला करू, तिकडं सवलत मिळते. पैलवान ठेव, पण कुस्ती नको, पोरींना आवडत नाही. आई मरायला नको. आई मेलीच पाहिजे. पूर आहे तो खर्चिक होतो, त्याऐवजी पाऊस कर. पाऊस पण नको, ढग ठेव. 'कोल्हापुरी टच' वाढव, म्हणजे दर तीन वाक्यांना 'लय भारी'. प्रत्येक जण काहीतरी देऊन जातो असं दिसतं खरं, पण प्रत्येक जण काहीतरी घेऊनही जातो. पुढच्या गणपतीपर्यंत नायकाचा धंदा एका वेब सिरीजमध्ये दिसतो, आईचं मरण रात्री साडेआठच्या मालिकेत तीन आठवडे चालतं, शेवटचा प्रसंग भाच्याच्या शॉर्ट फिल्मला बक्षीस मिळवून देतो आणि ढग तेवढे लेखकाकडे राहतात. यातलं एकही चोरी म्हणून सिद्ध होत नाही. कशाचं सिद्ध करणार? कल्पनाच त्या! हे सगळं ठाऊक असूनही ती माणसं 'आजकाल चांगल्या गोष्टीच मिळत नाहीत हो' असं प्रत्येक मुलाखतीत तोंड वर करून सांगतात तेव्हा संताप येतो. मिळतात, साहेब. आठवड्याला मिळतात. तुम्ही त्यांची पावती घेत नाही.

"मग नोंदणी करून घ्या, तक्रार कसली करता?" असं समजूतदार माणसं सांगतात. नोंदणी जरूर करावी. त्याने अमुक तारखेला अमुक कागद माझ्याकडे होता एवढं सिद्ध होतं. नाहीतरी कॉपीराइट नोंदणीवाचूनही असतोच. लॉजच्या खोलीत कोण कोण होतं आणि कुणी काय ऐकलं, हे कुठल्याच नोंदवहीत येत नाही, आणि भांडण तर तिथलंच आहे. बरं, एखाद्याचं नशीब उघडलं आणि करार पुढ्यात आलाच, तर अचानक कागदाचं इतकं प्रेम उफाळून येतं की तो चाळीस पानांचा असतो. त्यात लेखकाने आपले हक्क सर्व माध्यमांसाठी, चिरकाल आणि संपूर्ण विश्वात दिलेले असतात. जगात नव्हे, विश्वात. कायदा म्हणतो की करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही की तो सुटतो. म्हणून करारात न चुकता वेगळं लिहिलेलं असतं. २०१२ च्या दुरुस्तीने थिएटरबाहेरच्या वापरातला रॉयल्टीचा वाटा लेखकाला सोडूनही देता येत नाही असं ठरवलं. तो विषय काढला की साहेबांची रेंज जाते. पंचगंगेच्या पुराची गोष्ट शनीच्या कड्यांवर कोण दाखवणार आहे ते देव जाणे, पण दाखवलीच तर तिथला वाटाही लेखकाला नाही, हे आजच ठरलेलं बरं.

तेव्हा वाचा, हा आग्रह सोडून द्यावा. ऐकायचंच असेल तर रीतसर ऐका. लॉजच्या काउंटरवर जसं रजिस्टर असतं तसं एक दुरेघी बुक ठेवावं: ऐकणाऱ्याचं नाव, सोबत किती, त्यात भाचे किती, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, सही. माणशी दर लावावा. 'बघ्या'ला दुप्पट. ड्रायव्हरला माफ, कारण तो मनापासून हसतो. फोन घेतला तर तेवढा भाग पुन्हा सांगण्याचे वेगळे पैसे. झोप लागल्यास पूर्ण आकार. मधे उठून 'मग पुढं काय झालं?' विचारल्यास त्यावर अधिभार. असं केलं तर कुणी ऐकायलाच येणार नाही, अशी भीती काही होतकरूंना वाटते. ती खरी मानली, तरी त्यांचं नुकसान काय होतं ते कुणी मांडून दाखवत नाही. चहाचं बिल तरी आजवर कोण देत आलंय?