गेले, पण लॉगआऊट नाही

गुरुवारी भोसरीच्या एमआयडीसीत कुत्रंही फिरकत नाही. बाकी जगाचा रविवार, तो इकडचा गुरुवार. महावितरणही दुरुस्तीसाठी वीज बहुतेक त्याच दिवशी घालवतं. अशा दिवशी सर्व्हर रूममध्ये (म्हणजे स्टोअरच्या मागचं एसीचं खोपटं) बसून युनिक्सला 'हू' ही आज्ञा द्यावी. आत्ता आत कोण कोण आहे ते ती सांगते. आणि बंद कारखाना एकदम भरून जातो. डिस्पॅचवाले आहेत, पेंट शॉपचे सुपरवायझर आहेत, क्वालिटीच्या मॅडम आहेत. सर्व्हरला जनरेटर आहे, शॉपवरच्या टर्मिनलांना नाही. ती विजेबरोबर गेली, पण कोणी गेल्याचं सर्व्हरला कळलेलंच नाही.

तसं इतर दिवशीही फार वेगळं नसतं. शिफ्ट सुटते, कंपनीची बस गेटवर हॉर्न देते, आणि बस चुकली तर नाशिक फाट्यापर्यंत शेअर रिक्षात चौथ्या सीटवर बसावं लागतं. अशा वेळी कोण सावकाश 'एक्झिट' टाईप करत बसणार? खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबायची आणि पळायचं. सज्जन असेल तर मॉनिटर बंद करतो आणि आपण सगळं बंद केलं या समाधानात घरी जातो.

युनिक्सचं हजेरीबुक 'यूटीएमपी' या फाईलमध्ये असतं. कोणी आत आलं की नाव, टर्मिनल, कुठून आला आणि किती वाजता, अशी नोंद पडते. लिनक्सवर एका माणसाला साधारण 384 बाइटांची जागा, मग तो एमडी असो की अप्रेंटिस. नोंदीला प्रकाराचा आकडा असतो. काम चालू असेल तर 7, बाहेर पडला की 8. जाणाऱ्याची ओळ कोणी फाडून टाकत नाही. साताचा आठ करतात आणि त्या टर्मिनलवर नवा माणूस आला की तीच जागा त्याला देतात. मात्र हा आठ लिहायला कोणीतरी जिवंत असावं लागतं. ज्या प्रोग्रॅमने तो लिहायचा तोच आधी गेला, तर सात तसाच राहतो. जुन्या सर्व्हरवर 'हू'च्या यादीत तो माणूस बसून असतो, आणि किती वेळ हालचाल नाही हेही विचारलं, तर चोवीस तास उलटल्यावर त्याच्यापुढे नुसतं 'ओल्ड' येतं.

म्हटलं तर कोणाचं काय बिघडतं? बिघडतं. आमच्या जुन्या ईआरपीला एका वेळी मोजकीच माणसं चालतात, आणि मोजताना ती जिवंत-मेलेलं बघत नाही. अशा न गेलेल्या भुतांनी सगळ्या खुर्च्या अडवल्या की डिस्पॅचच्या काकांना चलन काढता येत नाही. बाहेर चाकणला जायचा टेम्पो इंजिन चालू ठेवून उभा. तिकडे गाड्यांच्या कंपनीत लाईनला लागेल तेवढाच माल लागेल तेव्हाच घेतात, आणि मोशीच्या पुढचं ट्रॅफिक कोणाच्या बापाचं ऐकत नाही. काका फोनवर एवढंच म्हणतात, "साहेब, जरा माणसं कमी करा." पलीकडे उभ्या असलेल्या ठेकेदाराच्या पोरांचे चेहरे हे वाक्य ऐकून पडतात ते वेगळंच.

माणसं कमी करायचीही रीत आहे. आधी त्या नोंदीचा प्रोसेस क्रमांक बघायचा आणि तो खरंच चालू आहे का ते तपासायचं. चालू असेल तर त्याला 'हँगअप'चा निरोप द्यायचा, म्हणजे तो दप्तर आवरून जातो. घाईत लोक प्रोसेस मारायच्या 'किल' या आज्ञेला थेट नऊ नंबर लावतात. नऊ नंबरवाल्याला शेवटचा शब्द बोलायला मिळत नाही, मग आठ कुठून लिहिणार? भुतं उतरवायला गेलेला मांत्रिकच एक नवं भूत मागे ठेवून येतो. प्रोसेस मेलेली आणि नोंद तेवढी उरलेली असेल, तर 'यूटीएमपीडंप'ने फाईल वाचता येईल अशी उलगडून दुरुस्त करता येते, किंवा सर्व्हर रीबूट होईपर्यंत वाट बघता येते. काही धडाडीचे लोक अख्खी फाईलच रिकामी करतात. मग 'हू' म्हणतं, आत कोणीच नाही, आणि विचारणारा स्वतः आतच बसलेला असतो.

आमच्या या कारखान्यांच्या पट्ट्यालाच गेलेल्याची नोंद पुसायची सवय नाही. टेल्कोची टाटा मोटर्स झाली 2003 साली, रिक्षावाला अजून टेल्को रोडच म्हणतो. आकुर्डीच्या बजाजमधून दुचाक्या निघायच्या थांबल्या 2007 साली, पण त्यानंतरही पत्ता सांगताना बजाज येतच राहिलं. दिवाळीला लातूरकडे गेलेला पोरगा परत येत नाही. त्याचा पगार टाईम ऑफिस तत्परतेने थांबवतं, पण यूझर आयडी बंद करा म्हणून सर्व्हर रूमला कोणी कळवत नाही.

अशा सोडून गेलेल्या नावांचा धसका मात्र घ्यावा. 1986 साली अमेरिकेत बर्कलीच्या प्रयोगशाळेत हिशेबात 75 सेंटचा फरक आला आणि क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाला तो शोधायला बसवलं. शोधता शोधता त्याला दिसलं, की इंग्लंडला निघून गेलेला एक सहकारी मशीनवर काम करतो आहे. त्याच्या नावाने आत शिरला होता जर्मनीतला एक चोर, आणि त्याचा माल शेवटी केजीबीला जात होता. आमच्याकडे केजीबीला नेण्यासारखं ब्रॅकेटच्या ड्रॉइंगपलीकडे काही नाही, तरी लातूरच्या पोराचं खातं मी कुलूपबंद केलं.

जुन्या नोंदींची मोठी वही वेगळी, 'डब्ल्यूटीएमपी'. ती 'लास्ट' या आज्ञेने वाचतात. अर्धवट गेलेल्यांपुढे तिथे इंग्रजीत शेरा असतो: गेला, लॉगआऊट नाही. या वह्यांत वेळेला 32 बिटांचीच जागा आहे. 19 जानेवारी 2038, मंगळवार, आपल्याकडे सकाळचे 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंद झाले की ती भरते आणि पुढच्या सेकंदाला आत येणारा डिसेंबर 1901 मध्ये आलेला दिसतो. म्हणून काही लिनक्सवाल्यांनी ही वहीच बदलायला घेतली आहे. आमचा सर्व्हर त्यांतला नाही.

टाईम ऑफिसच्या साहेबांना हे समजावून सांगितलं. फर्स्ट शिफ्ट तेव्हा आत असेल, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. बराच वेळ विचार करून त्यांनी विचारलं, "मग युनियनने 1901 पासूनचा ओव्हरटाईम मागितला तर?"