अजाण यजमानाची थोरवी

पाहुण्याला इजा झाली तर भरपाई कोणाकडून, या प्रश्नाने विद्वानांची झोप उडते. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या लग्नघरी मात्र त्याचं उत्तर केव्हाच सापडलं आहे: आपल्या मांडवात काय मोडकं आहे ते यजमानाने पाहूच नये.

वैशाखातलं लग्न, पारा पंचेचाळिशीला. मांडवाच्या कडेला भाड्याचे पत्र्याचे कूलर, वायरच्या जोडाला चिकटपट्टी, खाली सांडलेलं पाणी आणि त्यात पंगतीहून अनवाणी उठलेली पोरं. एखाद्याला झटका बसला की यजमान मायेने म्हणतो, “थोडासा करंट मारते जी, हात नका लावू.” झाली सूचना! कूलरवाल्याला अर्थिंगचं विचारणं म्हणजे व्याह्यांसमोर शोभा.

या शहाणपणाला इंग्रजी न्यायाची जुनी परंपरा आहे. लंडनच्या साखर कारखान्यात कामाला आलेला गॅसफिटर उघड्या भोकातून खाली पडला. १८६६च्या त्या निकालाने ठरवलं की, कामानिमित्त आलेल्याला मालकाने, माहीत असलेल्या आणि माहीत असायला हव्या अशाही धोक्यांपासून जपावं. नुसता जेवायला आलेला पाहुणा मात्र गॅसफिटरच्या खालच्या पायरीवर. यजमानाला खरोखर ठाऊक असलेला छुपा धोका तेवढा त्याला सांगायचा. जो बघतच नाही, त्याला ठाऊक काय असणार? इंग्लंडने १९५७मध्ये कायदा करून ही पायरी काढून टाकली. आपल्या संसदेने असला उतावीळपणा केलेला नाही.

दुसरं शस्त्र पाटीचं. ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर ठेवावीत’ एवढं रंगवलं की कार्यालयाचा मालक निर्धास्त. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलातून १९९८मध्ये पाहुण्याची मारुती झेन चोरीला गेली, तेव्हा पार्किंगच्या चिठ्ठीवर असाच मजकूर होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये म्हटलं, किल्ली तुमच्या माणसाने घेतली, तर गाडी सांभाळण्यात हयगय केली नाही हेही तुम्हीच दाखवा. छापील ओळीने सुटका नाही. पाटी रंगवणाऱ्या कलावंतांचा केवढा हा अपमान!

दारूच्या बाबतीत तर आम्ही जगाच्या पुढे आहोत. पाहुण्याला पाजून गाडीवर बसवणारा यजमानही अपघाताला जबाबदार, असं अमेरिकेत न्यू जर्सीच्या न्यायालयाने १९८४मध्ये ठरवलं. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. त्यामुळे वरातीत कोणी प्यालेलाच नसतो; काही वऱ्हाडी आडवे चालतात, ते उन्हाने.

या परंपरेला काळिमा फासणारा एकच यजमान आमच्याकडे होऊन गेला. १९३६मध्ये तो शेगावात राहायला आला. पुढे त्याच गावाचं सेवाग्राम झालं. आवारात साप निघतात हे त्याच्या आश्रमाने लपवलं तर नाहीच, उलट ते पकडून लांब सोडायला चिमटा आणि पिंजरा बाळगला. आजही तो पुरावा तिथे जपून ठेवला आहे. स्वतः बॅरिस्टर असून धोका माहीत असल्याची अशी लेखी नव्हे, चिमट्यात सापडलेली कबुली!

तेव्हा येत्या लग्नसराईत वायरमनला बोलावू नका. तो कूलर तपासेल, सांगेल, आणि मग तुम्हाला कळेल. कोणी दगावलंच तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे: निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत कैद. त्या कलमात दोष एवढाच की, ‘मला ठाऊक नव्हतं’ एवढ्यावर ते सोडत नाही.