स्वयंसेवकाचा जमाखर्च

राष्ट्रीय युवा स्वयंसेवक हा नेहरू युवा केंद्राच्या योजनेतला, 18 ते 29 वयाचा, किमान दहावी पास असा जीव असून तो तालुक्याला दोन या प्रमाणात आढळतो. नाशिक जिल्ह्यात तालुके 15, म्हणजे भरती पुरी झाली तर 30. मानधन दरमहा 5000 रुपये. ही नोकरी नव्हे आणि तिच्या जोरावर पुढे सरकारी नोकरीवर हक्कही सांगता येणार नाही, हे नियमातच असल्याने लग्नाच्या बाजारात तरी गैरसमजाला जागा उरत नाही.

हे मानधन 30 दिवसांच्या महिन्यात रोजचे 166 रुपये पडते, 31च्या महिन्यात 161. फेब्रुवारीत ते 178 वर जाते. सुबत्तेचा काळ तोच समजावा. रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात 2025-26 साठी दिवसाला 312 रुपये ठरले. पेठ-सुरगाण्याकडे 16 दिवस माती उचलली की 4992 होतात. राहिलेल्या 8 रुपयांत स्वयंसेवक उरलेला महिना गावोगाव फिरून तरुणांना सरकारी योजना समजावून सांगतो. त्यात रोजगार हमीही येते.

राहण्याचा खर्च नाही. स्वयंसेवक शक्यतो त्याच भागातला निवडतात, त्यामुळे भाड्याचा प्रश्न योजनेने वडिलांवर सोपवून कायमचा निकालात काढला आहे. जेवणाचेही तसेच. नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी कोणत्याही शासकीय ताळेबंदात दिसत नाही, पण वर्षभराची सेवा तिच्यावरच उभी असते. आईला मात्र मानधन नाही. तिचे वय 29 च्या पुढे गेलेले असते.

खरा खर्च घराबाहेर पडल्यावर सुरू होतो. बैठकीला नाशिक गाठायचे तर एसटी, आणि तिचे भाडे 25 जानेवारी 2025 पासून 14.95 टक्क्यांनी वाढलेले. स्वयंसेविकेला 17 मार्च 2023 पासून अर्धे तिकीट, त्यामुळे एकाच मानधनात ती दुप्पट फिरू शकते, आणि तिला तसे फिरवलेही जाते. नाशकात पोचल्यावर मिसळीच्या वासाकडे दुर्लक्ष करून शिवभोजन केंद्र शोधावे. तिथे 10 रुपयांत 30 ग्रॅमच्या दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात मिळतो. केंद्र सापडेपर्यंत रिक्षा करू नये. थाळी महाग पडते.

मोबाइल ही चैन नसून हत्यार आहे. झाड लावले तरी फोटो गेल्याशिवाय ते लागले असे धरत नाहीत. मात्र रिचार्ज 28 दिवसांचे, म्हणून मानधने 12 आणि रिचार्ज 13. तेराव्याची तजवीज फेब्रुवारीच्या सुबत्तेतून करावी.

युवा मंडळाचा कार्यक्रम हे स्वतंत्र प्रकरण आहे. फ्लेक्स, चहा, पाहुण्यांची शाल आणि नारळ. फ्लेक्सवर पाहुण्यांचा फोटो मोठा हवा; स्वयंसेवकाचे नाव तळाशी, तेही फ्लेक्सवाल्याशी ओळख असेल तर. नारळ वाढवल्यास प्रसाद निघतो. शाल पाहुणे विसरून गेले तर पुढच्या पाहुण्याला चालते, फक्त दोन्ही पाहुणे एकाच पक्षाचे नसावेत, नाहीतर ती ओळखली जाते.

काम समाधानकारक वाटले तर मुदत आणखी एक वर्ष वाढते. त्याला घरच्यांची मंजुरी लागते, पण अर्जात तसा रकाना नाही.